एम-वन निघाला का?

रिझल्टच्या दिवशी आपल्या हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न फिरत असतो. "निघाला का?" कुठला विषय, हे कोणी विचारतही नाही. बाकीचे विषय सुटतात, क्लिअर होतात. मॅथ्सचा पेपर मात्र 'निघतो'. अक्कलदाढ निघते तसा, नाहीतर पायातला काटा निघतो तसा. आणि जो निघत नाही तो 'राहतो'. "तुझं काय राहिलं?" "एम-वन राहिला गं." एवढं बोलणं झालं की दोघीही गप्प. त्या रात्री मेसच्या काकूसुद्धा चेहरा बघून ठरवतात, कोणाला आग्रह करायचा आणि कोणाला नाही.

आपल्या मासिकात मॅथ्सवर दरवर्षी एक विनोदी कविता असतेच. इंटिग्रेशनला भूत म्हणायचं, लाप्लासला शिव्या घालायच्या आणि शेवटी एटीकेटी माऊलीची आरती! संपादक मंडळाने माझ्याकडे तेच मागितलं होतं. पण यंदा मला काही केल्या विनोद सुचेना. का सुचेना, ते सांगते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.)

आपल्याकडे फर्स्ट इयरला एम-वन आणि एम-टू, सेकंड इयरला एम-थ्री. ब्रँच कुठलीही असो, या तीन घाटांतून गाडी न्यावीच लागते. मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन, टेलर सिरीज, फोरियर सिरीज, डिफरन्शियल इक्वेशन्स, मल्टिपल इंटिग्रल, लाप्लास ट्रान्सफॉर्म, व्हेक्टर कॅलक्युलस, प्रोबॅबिलिटी. यादी एखाद्या मोठ्या हॉटेलच्या मेन्यूकार्डासारखी आहे. नावं सगळ्यांना पाठ, चव कोणाला विचारू नका.

आता गणित कमी करा, अशी मागणी मी करणार असं कोणाला वाटत असेल तर तसं अजिबात नाही. माझं म्हणणं उलट आहे. आपल्याला तीन सेमिस्टर जे शिकवलं जातं आणि आपण जे शिकतो, ते गणित नसतंच. तो गणिताच्या पेपरचा पॅटर्न असतो. आणि या दोन्हींतला फरक कोणाला किती महाग पडतो, ते मी माझ्याच खोलीत पाहिलंय.

फर्स्ट इयरला माझी रूम पार्टनर एका तालुक्याच्या गावातून, मराठी शाळेतून आलेली. मी इंग्लिश फाडफाड बोलणारी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मॅट्रिक्स सुरू झालं. फळ्यावर पायऱ्या लिहून मिळाल्या. रँक अशी काढा, या दोन रँक सारख्या आल्या तर उत्तर आहे, नाही आल्या तर नाही, डिटरमिनंट झिरो आला तर अमुक केस. मी सगळं चार रंगांच्या पेनांनी उतरवून घेतलं. रात्री ती म्हणाली, "अगं, पण डिटरमिनंट झिरो आला की असं का होतं?"

मी म्हटलं, "का म्हणजे? रूल आहे तो."

ती म्हणाली, "आम्ही दहावीला याला निश्चयक म्हणायचो. निश्चयक म्हणजे निश्चय करणारा. कशाचा निश्चय? तर उत्तर एकच आहे की नाही, याचा."

मग तिने मेसच्या बिलाच्या मागे दोन समीकरणं लिहिली. एक्स अधिक २ वाय बरोबर ३. आणि २ एक्स अधिक ४ वाय बरोबर ५. दोन्हींच्या रेषा काढल्या. रेल्वेच्या रुळांसारख्या समांतर! "बघ, या भेटणारच नाहीत. मग उत्तर येणार कुठून? इथे ५च्या जागी ६ असते तर दोन्ही रेषा एकमेकींवरच बसल्या असत्या आणि मग उत्तरंच उत्तरं. दोन्ही वेळा निश्चयक झिरो. तो झिरो एवढंच सांगतो की बाई गं, इथे एकच एक उत्तर मिळणार नाही."

दहावीला क्रेमर्स रूल मीही केला होता. तेव्हापासून डिटरमिनंट, डिटरमिनंट म्हणत होते. पण 'टू डिटरमिन' या साध्या क्रियापदाशी त्याचं काही नातं असेल, हे मला, म्हणजे इंग्लिशमध्ये भांडणाऱ्या मुलीला, कधी सुचलं नव्हतं. ते मला एका मराठी शब्दाने सांगितलं.

सेमिस्टर संपलं. एम-वनमध्ये मला १००पैकी ७८ पडले. तिला ३१.

हे कसं झालं, याचं उत्तर अगदी सोपं आहे. मी मागच्या पाच वर्षांचे पेपर घेऊन बसले होते. कुठल्या युनिटवर कुठल्या प्रकारची गणितं फिरून फिरून येतात, ते मला पाठ होतं. तीन तासांत हात थांबला नाही. ती प्रत्येक गणिताशी बोलत बसली. टेलर सिरीजचा फॉर्म्युला आला कुठून, हे कळल्याशिवाय तिच्याच्याने तो लिहवेना. पहिले दोन प्रश्न तिने सुंदर सोडवले. शेवटचे दोन कोरे राहिले. तिच्या पेपरमधला कोरेपणा एक्झामिनरला दिसला. माझ्या डोक्यातला कोरेपणा कोणालाच दिसला नाही.

पुढे दुसऱ्या वेळेला ३६. थर्ड इयरला जायचं तर फर्स्ट इयरचा एकही विषय राहिलेला चालत नाही, हा नियम सगळ्यांना माहीत आहे. तिसऱ्या वेळेला ३८ आले आणि ती वायडी झाली. एक वर्ष गेलं, हॉस्टेलची कॉट गेली. ट्रंक रिक्षात ठेवताना तिचे वडील मला म्हणाले, "गणितात हुशार होती हो पोरगी. शाळेत पहिली यायची. इथंच काय झालं कळंना." मला त्यांच्याकडे बघवेना. कारण त्यांची पोरगी गणितात हुशारच आहे, हे आख्ख्या हॉस्टेलमध्ये मला सगळ्यांत जास्त माहीत होतं.

तिसऱ्या वेळेच्या अभ्यासाच्या वेळी आम्ही रात्री लॅपटॉपवर गिल्बर्ट स्ट्रँग यांची लेक्चर्स बघत होतो. हे अमेरिकेतल्या एमआयटीचे गणिताचे प्राध्यापक, २०२३ साली निवृत्त झाले. त्यांचा लिनियर अल्जिब्राचा कोर्स, नंबर १८.०६, एमआयटीने फुकट ठेवलाय. पहिल्या लेक्चरची सुरुवात कशाने होते माहितीये? दोन समीकरणांनी. २ एक्स वजा वाय बरोबर ०. वजा एक्स अधिक २ वाय बरोबर ३. बस्स. फळ्यावर दोन रेषा, त्या जिथे छेदतात तो बिंदू, एक्स बरोबर १ आणि वाय बरोबर २. मग तेच गणित वेगळ्या नजरेने, दोन बाणांची बेरीज म्हणून. माझी पार्टनर ओरडलीच, "अगं हे तर आमच्या दहावीच्या आलेखाचं गणित!" मेसच्या बिलामागे तिने जे काढलं होतं, तेच एमआयटीच्या फळ्यावर होतं.

"तिकडची मुलं हुशार, त्यांना परवडतं," असं म्हणणारे भेटतील. पण तिकडे गणिताला सूट नाही, हेही बघा. एमआयटीत कुठल्याही विषयात पदवी घ्यायची असो, अगदी साहित्यातसुद्धा, कॅलक्युलसचे दोन कोर्स सगळ्यांना सक्तीचे आहेत. आणि लिनियर अल्जिब्राचे तर वेगवेगळे कोर्स आहेत. एक वापराकडे झुकलेला, एक सिद्धतांकडे. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. आपल्याला एवढं नको. निदान विषय कशाबद्दल आहे ते पहिल्या दिवशी कळलं तरी पुरे.

आता माझ्या ७८ मार्कांचं पुढे काय झालं तेही सांगते. नाहीतर मी नुसतीच दुसऱ्याच्या दुःखावर लेख लिहिला असं होईल.

सेकंड इयरला एम-थ्री माझा राहिला. २८. पेपरचा पॅटर्न थोडा फिरला आणि माझी पाठांतराची गाडी घाटातच बंद पडली. दुसऱ्या वेळेला ६१ आले. कॉरिडॉरमध्ये ओरडून सांगितलं, "निघाला!" पार्टी दिली. आणि सहा महिन्यांत कंट्रोल सिस्टिमच्या वायवाला सरांनी विचारलं, "ट्रान्सफर फंक्शन काढताना लाप्लासच का घेतला?"

मी म्हणाले, "सर, सिलॅबसमध्ये आहे म्हणून."

सर हसले. बाकीच्या तिघी हसल्या. मीही हसले. पण रूमवर येऊन रडले. लाप्लासची सगळी टेबलं मला तोंडपाठ होती. इनव्हर्स लाप्लास मी झोपेत काढला असता. आणि ती गोष्ट अस्तित्वात का आहे, हेच मला माहीत नव्हतं.

मग शोधलं. जे सापडलं ते इतकं साधं होतं की राग आला. अकरावी-बारावीच्या प्रॅक्टिकलला आपण सगळ्यांनी लॉग टेबल वापरलंय. गुणाकार अवघड, बेरीज सोपी. म्हणून संख्यांचे लॉग घ्यायचे, बेरीज करायची आणि अँटिलॉगने परत यायचं. नेपियरने १६१४ साली हीच सोय करून दिली. लाप्लास ट्रान्सफॉर्म म्हणजे तीच युक्ती, फक्त एक मजला वर! डिफरन्शियल इक्वेशन अवघड, साधं बीजगणित सोपं. म्हणून समीकरण पलीकडच्या तीरावर न्यायचं. तिथे डिफरन्सिएशनचा जवळजवळ गुणाकार होऊन जातो. तिथे सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. सर्किटमधला कपॅसिटर असो की गाडीचं सस्पेन्शन, गोष्ट तीच.

आणि ही वाट इंजिनिअरिंगमध्ये रुळवली कोणी? ऑलिव्हर हेविसाइड नावाच्या माणसाने. हा १८५० साली जन्मला, सोळाव्या वर्षी शाळा सोडली, तारखात्यात ऑपरेटर होता. पदवी नाही. तारेतून सिग्नल कसा जातो याचं गणित करताना त्याने डिफरन्सिएशनच्या जागी एक अक्षर लिहिलं आणि सरळ बीजगणितासारखं सोडवायला लागला. त्या वेळच्या गणितज्ञांना ते पटलं नाही, कारण तो सिद्धता देत नसे. उत्तरं मात्र बरोबर यायची. मागाहून गणितज्ञांनी लाप्लासच्या जुन्या गणिताचा आधार घेऊन त्याची रीत पक्क्या पायावर बसवली. ही गोष्ट सांगायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आमच्या वाट्याला आली असती, तर माझे एम-थ्रीचे सहा महिने वाचले असते.

बाकीच्या युनिट्सचंही हेच. फोरियर सिरीज आपण 'एव्हन फंक्शन, ऑड फंक्शन' म्हणून घोकतो. फोरियरला उष्णता धातूतून कशी पसरते हे शोधायचं होतं, त्यावरचा त्याचा ग्रंथ १८२२चा. त्याच घराण्यातलं डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म १९७४ साली तिघांनी मांडलं, त्यातले नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. तुमच्या फोनमधला जेपीजी फोटो त्याच गणिताने ८ बाय ८च्या चौकोनांत आवळलेला असतो. गॅदरिंगचे फोटो मेमरीत मावतात ते त्यामुळे.

आयगेन व्हॅल्यूबद्दल सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांनी तर लंडनचा मिलेनियम ब्रिज वाचावाच. १० जून २०००ला पायी चालणाऱ्यांसाठी हा पूल उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला, कारण लोक चालायला लागले की तो आडवा डुलायचा. चालताना आपण सेकंदाला साधारण एकदा डावी-उजवीकडे झुकतो. पुलाची आडवी डुलण्याची स्वतःची लय त्याच्या जवळपास होती. पूल डुलतोय म्हटल्यावर लोक तोल सांभाळायला त्याच तालात पावलं टाकू लागले आणि पूल आणखी डुलला. डँपर बसवून तो २००२ साली पुन्हा सुरू झाला. स्ट्रक्चरची ही लय काढायची म्हणजे मॅट्रिक्सची आयगेन व्हॅल्यूच काढायची असते. आपण मात्र ३ बाय ३चं मॅट्रिक्स, तीन लॅम्डा, उत्तराला चौकट आणि पुढचं गणित!

आता दुसरी बाजू. सरांना-मॅडमना दोष देऊन लेख संपवणं सोपं आहे, पण ते खरं नाही. एका वर्गात आम्ही सत्तर. युनिट संपवायला मोजके तास. विद्यापीठाचा पेपर ठरलेल्या साच्यातला. एखाद्या मॅडमनी पुलाची गोष्ट सांगायला सुरुवात केली तर मागच्या बाकावरून पहिला प्रश्न काय येतो? "मॅडम, हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न मी स्वतः विचारलाय. त्या मॅडमनी खडू खाली ठेवला, वही उघडली आणि "टाइप टू" म्हणून पुढचं गणित लिहायला घेतलं. त्या दिवशी एक शिक्षिका हरली आणि हरवणारी मी होते. आपणच गाईडमधून शिकतो, आपणच परीक्षेच्या आदल्या रात्री 'आख्खं युनिट एका तासात' छापाचे व्हिडिओ बघतो आणि मग म्हणतो, मॅथ्सचा काही उपयोग नाही!

"पण पुढे जॉब लागल्यावर कोणाला लागतं गं हे?" असंही ऐकते. निम्म्या जणांना लागणार नाही, कबूल. पण ज्यांना गेट द्यायची आहे त्यांना तिथे बहुतेक पेपरांत साधारण १३ मार्कांचं हेच मॅथ्स पुन्हा भेटतं. मशीन लर्निंग शिकायचं म्हणून जे सगळे निघालेत, त्यांना तर पहिल्याच धड्यात मॅट्रिक्स आडवं येतं. तेव्हा मग आपण कोर्सला पैसे भरून एम-वन पुन्हा शिकतो.

मग करायचं काय? विद्यापीठाचा सिलॅबस बदलणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पण चार गोष्टी कॉलेजच्या भिंतींच्या आत करता येतील, असं मला वाटतं.

एक. प्रत्येक युनिटची पहिली दहा मिनिटं 'हे कशासाठी' याला द्यावीत. परीक्षेला नसलं तरी. आणि त्या दहा मिनिटांत आम्ही गप्प बसू, हे आमचं वचन.

दोन. सेमिस्टरमध्ये एकदा तरी मॅथ्सच्या आणि डिपार्टमेंटच्या शिक्षकांनी मिळून एक ट्युटोरियल घ्यावं. लाप्लास मॅथ्सच्या मॅडम शिकवतात, ट्रान्सफर फंक्शन कंट्रोलचे सर शिकवतात. दोघांच्या केबिनमध्ये एका जिन्याचं अंतर आहे आणि आमच्या डोक्यात एका वर्षाचं.

तीन. युनिट टेस्ट तर कॉलेजच काढतं ना? त्यात एक प्रश्न असा असावा, ज्यात आकडेमोड नाही. 'आलेल्या उत्तराचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.' मराठीत लिहिलं तरी चालेल, असंही सोबत छापावं. पाच मार्क ठेवा. निश्चयकाचा अर्थ माहीत असलेली मुलगी निदान त्या पाच मार्कांत तरी दिसेल. तीन वेळा तिला जेवढे कमी पडले, त्यातल्या शेवटच्या वेळी फक्त दोनच हवे होते.

चार आपल्यासाठी. सीनियर्सनी ज्युनिअर्सना 'इम्पॉर्टंट' प्रश्नांच्या झेरॉक्स द्यायच्या, ही आपली परंपरा. चांगली आहे, मी पण दिल्यात. आता त्या झेरॉक्ससोबत अर्धा तास बसून एक तरी 'का' सांगायचा.

यातली चौथी गोष्ट आम्ही सुरू केलीय. दर रविवारी नाश्त्यानंतर रीडिंग रूममध्ये फर्स्ट इयरच्या मुली जमतात. पहिल्या रविवारी पाच होत्या, त्यातली एक पोहे संपवायला आलेली. मागच्या रविवारी चौदा. मला सगळं येतं म्हणून मी शिकवत नाही. त्यांनी 'का' विचारलं की मला येत नाही हे कळतं, मग आम्ही मिळून शोधतो. एकीने परवा विचारलं, "दीदी, झिरो फॅक्टोरियल एकच का?" अजून भांडण चालू आहे.

आणि माझ्या पार्टनरचं म्हणाल, तर तिने घरून परीक्षा दिली. या वेळी पेपर सोडवताना घड्याळाकडे बघायला शिकले, म्हणाली. रिझल्टच्या दिवशी मीच फोन केला आणि सवयीने विचारलं, "निघाला का?"

"निघाला," ती म्हणाली. "४४."

पुढच्या सेमिस्टरला ती परत येतेय. कॉट मिळेल की नाही माहीत नाही, पण रेक्टर मॅडम हे वाचत असतील तर माझ्या खोलीत जागा आहे. पहिल्या रविवारचं निश्चयकाचं लेक्चर तिचं, हे मी तिला न विचारताच जाहीर करून टाकलंय.

तेवढ्यात एक शब्दही बदलता आला तर बघूया. मॅथ्सचा पेपर निघू दे, सगळ्यांचाच निघू दे. पण निघाल्यावर डोक्यात थोडासा 'राहिला', तर ते बॅकलॉग धरू नका.